तीनशे फुटांबाहेरचं घर

मुंबईत घराचा विचार चौरस फुटांवर सुरू होतो आणि चौरस फुटांवरच संपतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आधी 225 चौरस फुटांचं घर मिळायचं. मग ते 269 झालं. 2018 मध्ये मंजूर झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 ने ते 300 वर नेलं. दर वाढीचं श्रेय घ्यायला गर्दी झाली. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, एका हेक्टरवर कुटुंबं किती, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत ऊन येणार की नाही, या प्रश्नांना हात लावायला कोणी पुढे आलं नाही. कारण तिथे आपण मागे गेलो आहोत. 1991 च्या नियमावलीत पुनर्वसन प्रकल्पासाठी हेक्टरी 500 घरांची घनता होती, आता ती 650 आहे. आणि ही किमान घनता आहे, कमाल नव्हे. मुलांनी खेळायची, म्हाताऱ्यांनी बसायची मोकळी जागा ‘प्रकल्प परवडावा’ म्हणून 8 टक्क्यांपर्यंत खाली आणता येते.

माझं म्हणणं सरळ आहे. घर जितकं लहान, तितके त्याच्या बाहेरच्या जागेचे नियम कडक हवेत. आपण नेमके तेच नियम सैल केले.

चाळ कशी तगली

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या 207 बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. मधोमध लांब पॅसेज आणि सामायिक संडास. या खोल्यांत कुटुंबाच्या तीन-तीन पिढ्या राहिल्या. गिरणगावात तर पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदलायचा.

हे जमलं, कारण खोली दाराशी संपत नव्हती. पॅसेजमध्ये धान्य निवडलं गेलं, पोरांनी अभ्यास केला, म्हाताऱ्यांनी दुपार काढली. दोन चाळींमधल्या जागेत गणपतीचा मांडव पडला, लग्नाच्या पंगती बसल्या, कबड्डीचे संघ घडले. वरळीकरांना जांबोरी मैदान होतं. उन्हाळ्यात पुरुष बाहेर झोपले. बायकांना ती सोयही नव्हती. गुडघे गेलेल्या आजीला रात्री पॅसेजच्या टोकापर्यंत धरून न्यावं लागत होतं. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी सकाळची संडासाची रांगही आठवावी.

म्हणूनच ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही मोठी गोष्ट आहे. स्वतःचा संडास आणि कडी लावता येईल अशी आतली खोली. यावर नाक मुरडायचा अधिकार कोणालाही नाही. पण किल्ली हातात आल्यावरही एक प्रश्न उरतो. चाळीस मजली मनोऱ्यात जुन्या पॅसेजचं आणि चाळींमधल्या अंगणाचं काम कोण करणार? खोली वाढली तर बाहेर थोडं कमी चालतं. पुनर्वसनातल्या 300 फुटांच्या घरात मात्र आत फारसं वाढलेलं नाही आणि बाहेरचं गेलेलं आहे.

साडेत्रेसष्ट अंश

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघताना नजरेची रेघ याहून जास्त उभी होता कामा नये. ही भूमिती व्यवहारात उतरवली की अर्थ साधा होतो: समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मधे मोकळी सोडा. इमारत एकवीस मीटर उंच असेल, तर अंतर साडेदहा मीटर.

ट्रस्टला संत ठरवायचं कारण नाही. त्याने गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी. पण अंधाऱ्या, कोंदट खोलीत रोग वाढतो आणि हवा-उजेड नियमाने द्यावा लागतो, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना कळलं होतं. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे क्षयरोगाचं निदान करणारी यंत्रं आहेत, सूर्यप्रकाश कुठे पोचेल हे संगणकावर दाखवणारी साधनं आहेत. आणि अंतर आहे काही वसाहतींमध्ये तीन मीटर.

गोवंडीची फुप्फुसं

तीन मीटर म्हणजे काय होतं, हे बघायला गोवंडी-मानखुर्दला जा. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी हलवलेल्या कुटुंबांना तिथे 225 चौरस फुटांची घरं मिळाली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेला, 2018 मध्ये पुढे आलेला अभ्यास या दोन वसाहती आणि पीएमजी कॉलनी यांची तुलना करतो. घरं तिन्हीकडे लहानच. पण पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये अंतर आहे, वारा खेळतो. क्षयाचं प्रमाण तिथे कितीतरी कमी आढळलं. बाकीच्या दोन वसाहतींमध्ये ते खूप जास्त होतं आणि खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर त्रास अधिक होता.

हा निष्कर्ष प्रत्येक नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवा. क्षयाचं बोट इथे खोलीच्या मापापेक्षा खिडकीबाहेरच्या फटीकडे जातं. नकाशा मंजूर करणाऱ्याची सही तिथल्या पोरांच्या फुप्फुसांवर उमटली आहे. औषधाच्या गोळ्या वाटून ही सही पुसता येत नाही. सहा महिने औषध घेऊन बरा झालेला मुलगा त्याच खोलीत, त्याच बंद हवेत परत झोपायला जातो.

बेरीज

राष्ट्रीय इमारत संहिता दोन खोल्यांच्या घरासाठी किमान मापं देते. एक खोली साडेनऊ चौरस मीटर, दुसरी साडेसात, स्वयंपाकघर पाच, एकत्र न्हाणीघर-संडास 2.8. बेरीज करा: 24.8 चौरस मीटर. म्हणजे जवळपास 267 चौरस फूट. कागदावर घर बसलं.

आता त्यात माणसं बसवा. ओले कपडे कुठे वाळणार? जुलैमध्ये चार माणसांचे कपडे दोरीवर तीन-तीन दिवस लोंबतात आणि त्याच खोलीत तान्हं मूल झोपतं. पाणी ठरलेल्या वेळीच येतं, मग पिंप कुठे ठेवायचं? भरलेला आणि रिकामा, असे दोन सिलिंडर कुठे? दिवसा गाद्यांची चळत कुठे? वॉशिंग मशीन न्हाणीघरात शिरत नाही म्हणून ते दारामागे येतं आणि दार अर्धंच उघडतं. दहावीचं वर्ष असलेली मुलगी आणि रात्रपाळी करून आलेला बाप, दोघांना एकाच वेळी शांतता कुठून आणायची? नवं लग्न झालेल्या जोडप्याने काय करायचं? घरात कोणी गेलं, तर तिरडी लिफ्टमध्ये बसत नाही आणि जिना वळणाला अडतो. ही रोजची गोष्ट आहे. संहितेच्या बेरजेत तिला खाना नाही.

यातला निम्मा भार एक गॅलरी उचलते. कपडे, पिंप, कुंडी, आजोबांची खुर्ची, फोनवर दोन खासगी शब्द. 2012 च्या बदलांनंतर मुंबईत बाल्कनी चटईक्षेत्रात मोजली जाऊ लागली. फुलझाडांच्या कट्ट्यांच्या नावाखाली बिल्डर जागा विकत होते, ती पळवाट बुजवण्यासाठी हा बदल झाला आणि मोठ्या फ्लॅटसाठी तो बरोबरच होता. पण तोच नियम 300 फुटांच्या घराला लावला की गॅलरीचा बळी जातो. मग लोक खिडकीबाहेर लोखंडी ग्रिलचा पिंजरा काढतात आणि संसार त्यात टांगतात. पालिका त्याला बेकायदा म्हणते, अग्निशमन दल धोकादायक म्हणतं, आणि दोघंही खरंच बोलतात. मग घर मंजूर करतानाच ती चार फूट जागा द्या. नियमाने द्यायला नकार दिलेली जागा माणूस गजांवर उभी करतो, कारण कपडे वाळवावेच लागतात.

माळ्यावरची झोप

आपल्या नियमांत माळा सामानासाठी असतो. त्याची उंची दीड मीटरपर्यंत. मुंबईत आणि ठाण्यात प्रत्यक्षात त्या माळ्यावर माणसं झोपतात, मुलं अभ्यास करतात, नवरा-बायको संसार करतात. सामान खाली असतं. 2011 च्या जनगणनेत मुंबईतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे एकच खोली होती. त्या खोलीत दुसरी खोली फक्त वरच्या दिशेने निघते.

अमेरिकेत 400 चौरस फुटांपर्यंतच्या घराला ‘टायनी हाऊस’ म्हणतात. आपल्या पुनर्वसनाच्या घरापेक्षा ते शंभर फुटांनी मोठं असू शकतं. तिथल्या निवासी बांधकाम संहितेत 2018 मध्ये अशा घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्यात झोपायच्या माळ्याचं किमान क्षेत्रफळ आहे, वर जायच्या जिन्याची आणि शिडीची मापं आहेत, कठडा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग लागली तर माळ्यावरून बाहेर पडायची वाट आहे. लहान घरात माणसं माळ्यावर झोपणारच, हे आधी मान्य केलं आणि मग त्यांचा जीव वाचेल असा नियम लिहिला. तिथल्या अनेक नगरपालिका आजही अशा घरांना जागा देत नाहीत, तेव्हा त्या देशाची आरती ओवाळायला नको. पण ही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. आपण माळा ‘सामानाचा’ म्हणत राहिलो, त्यामुळे त्याला हवा किती, वर चढायला काय आणि धूर झाला तर बाहेर कसं पडायचं, हे प्रश्न नियमात आलेच नाहीत. न बोललेल्या गोष्टीची किंमत माळ्यावर झोपणारा मोजतो.

कामाचं गाठोडं

ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगाव पश्चिमेला एका पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली आणि किमान सात जणांचा जीव गेला. तळाच्या पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे ढीग होते. भांडी देऊन जुने कपडे घ्यायचे आणि ते विकायचे, हा तिथल्या कुटुंबांचा धंदा.

त्यांना बेजबाबदार म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण झोपडीत राहणारं कुटुंब घरातच कमावत असतं. शिलाई, पापड, इमिटेशन दागिने, कचऱ्यातलं प्लास्टिक, कपडे. झोपडीला ओटा असतो, पुढे गल्ली असते, माल तिथे राहतो. पुनर्वसनात ओटाही गेला, गल्लीही गेली, माल मात्र राहिला. तो जिन्यात जातो, पॅसेजमध्ये जातो, पार्किंगमध्ये जातो, म्हणजे नेमका सुटकेच्या वाटेवर. प्रत्येक पुनर्वसन इमारतीत तळाला बंदिस्त, हवेशीर, अग्निरोधक गोदाम आणि कामाची खोली सक्तीची केली पाहिजे. बालवाडी आणि कल्याण केंद्राची तरतूद नियमांत आहे, मग हीही लिहायला अडचण कसली? पोट बाहेर ठेवून माणूस घरात येत नाही.

आजारपणाचंही तसंच. 2020 मध्ये करोना आला तेव्हा ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला धारावीत निरर्थक ठरला. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळं राहायचं कुठे? पालिकेने शाळा आणि क्रीडा संकुल ताब्यात घेऊन लोकांना तिथे ठेवलं आणि साथ आटोक्यात आली. लहान घराची कमी सार्वजनिक जागेने भरून काढली. तेव्हा ते संकटाच्या घाईत केलं. कायमचं करायला काय हरकत आहे? प्रत्येक वस्तीत रात्री अकरापर्यंत उघडी अभ्यासिका, पावसात कपडे वाळवायला छप्पर, आजारी माणसाला चार दिवस ठेवता येईल अशी खोली. या सोयी म्हणजे लहान घराच्या राहून गेलेल्या खोल्या आहेत.

गुंठ्यावरचं स्वप्न

शहराला कंटाळून कर्जत, मुळशी किंवा अलिबागकडे एका गुंठ्यावर कंटेनरचं घर ठेवायला निघालेल्यांनाही तेच सांगणं. आधी जमीन बघा, मग कंटेनर. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. कूळकायद्याचं 63 वं कलम ते सांगतं. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. शेतघरासाठी साधारण 0.4 हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. सातबाऱ्यावर दहा जणांसोबत नाव लागलं म्हणजे आपला तुकडा वेगळा झाला, असं होत नाही. आणि चाकं लावली किंवा पाया खणला नाही म्हणून राहतं घर नियमांतून सुटेल, या भरवशावर आयुष्याची पुंजी घालू नका. राहणं आलं की रस्ता आला, पाणी आलं, सांडपाण्याचा निचरा आला. गुंठ्यागुंठ्यांनी विकलेल्या माळावर तो निचरा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातो. तिथेही घर दोनशे फुटांचं असू शकतं, त्याच्या सांडपाण्याला मात्र बाहेरची जमीन लागतेच.

परवडत कोणाला नाही

यावर बिल्डरांचं उत्तर पाठ आहे: अंतर वाढवलं तर प्रकल्प परवडत नाही, आणि मग गरिबाला घरच मिळणार नाही. हे उत्तर अधिकारीही म्हणू लागतात तेव्हा राग येतो. पुनर्वसनाची घरं फुकट कशी उभी राहतात? जादा चटईक्षेत्र बिल्डरला मिळतं आणि तो विक्रीची इमारत बांधतो. ते चटईक्षेत्र जनतेचं आहे. रस्त्यांवरचा, पाण्यावरचा, गटारांवरचा भार जनता सोसते. मग पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या करून उरलेली मोकळी, उजेडाची जागा विक्रीच्या मनोऱ्याला द्यायची, हा हिशोब कोणाला परवडतो म्हणून चालतो? एकाच भूखंडावर एका इमारतीला बाग आणि दुसरीला फट, हे नियमाने थांबवता येतं. मोकळी जागा आधी पुनर्वसनाच्या इमारतींभोवती सोडा, मग विक्रीचा मनोरा आखा. नफा कमी होईल. होऊ द्या.

मागण्या चारच आहेत. इमारतींमधलं अंतर उंचीच्या निम्मं, आणि लहान घरांच्या इमारतींना यात कसलीही सवलत नाही. तीस चौरस मीटरच्या आतल्या घराला चार फुटांची गॅलरी चटईक्षेत्राबाहेर. झोपायच्या माळ्याला नियमात जागा, हवेसकट आणि सुटकेच्या वाटेसकट. इमारतीत गोदाम, कामाची खोली आणि अभ्यासिका. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, परदेश दौरा लागत नाही. नियमावलीत दुरुस्ती करायची इच्छा लागते.

तोवर रहिवाशांच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे संमती. पुनर्विकासाच्या सभेत सगळ्यांची नजर कार्पेट एरियाच्या आकड्यावर असते. त्याआधी तीन प्रश्न विचारा. आमच्या इमारतीची उंची किती आणि समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर किती? सगळ्यात खालच्या घराच्या खिडकीत डिसेंबरात किती तास ऊन येईल? पॅसेजला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका, नकाशावर लिहून घ्या. लिहून मिळत नसतील तर सही करू नका. फुटांसाठी पुढेही भांडता येतं. दोन इमारतींमधली जागा एकदा बांधकामाखाली गेली की पुढच्या तीन पिढ्यांना ती कोणी परत देऊ शकत नाही.